आई दाखवली नाही: इंदूरच्या रामबागेतलं एक प्रकरण

जून 2023 मध्ये इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं आणि आठव्या दिवशी गेलं. त्याच घरात ऑगस्टमध्ये आमच्या शेल्टरमधली एक मोठी मादी गेली. ती अजून तिथेच आहे. मी शेल्टरमध्ये दत्तकाचं काम बघते: अर्ज वाचणं, घर पाहून येणं, कुत्रं दिल्यावर पुढचे सहा महिने चौकशीला जाणं. पिल्लाची गोष्ट मला मागाहून कळली, मादीची मी पहिल्या दिवसापासून पाहिली. घरच्यांना विचारून, नावं गाळून लिहिते आहे.

घरात पाच माणसं. आजोबा निवृत्त, आजींचं सोवळं अजून बऱ्यापैकी शाबूत, मुलगा रोज पिथमपूरला कारखान्यात जाणारा, सून बँकेत, आणि सातवीतली नात. घर जुनं, वर-खाली मिळून चार खोल्या, मागे मातीचं अंगण, त्यात लिंबाचं झाड आणि तुळस. नातीने दोन वर्षं कुत्र्याचा हट्ट धरला होता. शेवटी वार्षिक परीक्षेच्या निकालावर सौदा ठरला.

पिल्लू कसं आलं

ऑनलाइन जाहिरात होती. सोनेरी पिल्लू, गळ्यात लाल फीत, "45 दिवसांचं, लस दिलेलं". किंमत 15,000, घासाघीस करून 12,000. नातीच्या बाबांनी फोनवर विचारलं की पिल्लू बघायला कुठे यायचं. समोरचा म्हणाला, "आप कहाँ आओगे भैया, मैं ही ले आता हूँ." रविवारी, 4 जूनला, भंवरकुआं चौराह्याजवळ तो स्कूटर घेऊन आला. पुढे पायाशी पुठ्ठ्याचं खोकं, त्यात तीन पिल्लं. मुलीने एक उचललं. आई कुठे आहे, असं सूनबाईंनी विचारलंही. उत्तर आलं, "मम्मी तो फार्म पे है, देवास साइड." पैसे मोबाइलवरून गेले, एक लसीचं कार्ड हातात आलं, पाच मिनिटांत सगळं उरकलं.

त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी समोर होत्या. घरच्यांना तेव्हा त्या दिसल्या नाहीत, याचा दोष मी त्यांना देत नाही. कार्ड मी नंतर पाहिलं. त्यावर तारीख आणि रबरी शिक्का होता, पण लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं नव्हतं आणि डॉक्टरांची सही नव्हती. लस खरंच दिली असेल तर बाटलीवरचं ते छोटं लेबल, बॅच नंबरासकट, डॉक्टर कार्डावर लावतात. दुसरी गोष्ट वयाची. डॉक्टरांनी पुढे तोंड उघडून पाहिलं तेव्हा मागच्या दुधाच्या दाढा फुटल्याच नव्हत्या. ते पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. आणि तिसरी, आई दाखवली नव्हती.

माझ्या मते सगळं प्रकरण या तिसऱ्या गोष्टीत आहे.

2017 मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्यापूर्वी त्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची छोटी चिप) लावायची, लस द्यायची. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी 18 महिन्यांची होईपर्यंत तिला पैदाशीला लावायचं नाही, आणि आयुष्यभरात पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. नियम चांगले आहेत. पण ज्या कायद्याखाली ते निघाले तो 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. एका पिल्लाचे 12,000 मिळणाऱ्या माणसाला हा दंड किती जड जाणार?

हिशेब मांडून पाहा. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, नऊ आठवडे गाभण राहते. लॅब्रॅडॉरला एका वेताला सहा-सात पिल्लं सहज होतात. सात पिल्लं 12,000 च्या भावाने म्हणजे 84,000. प्रत्येक माजाला तिला नराकडे लावलं तर वर्षाला दोन वेतं. अशा चार-पाच माद्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या की झाला "फार्म". पिल्लांना आईजवळ आठ आठवडे ठेवलं तर चौथ्या आठवड्यापासून त्यांच्या खाण्याचा खर्च सुरू होतो आणि आईही थकते. म्हणून पिल्लं लवकर ओढून काढायची. अशा जागांना बाहेर पपी मिल म्हणतात. आम्हा इंदूरवाल्यांना मिल म्हटलं की हुकुमचंद, मालवा अशा कापडाच्या गिरण्या आठवतात. तिथे निदान भोंगा झाला की माणसं घरी जात.

आठ दिवस

मंगळवारी संध्याकाळी पिल्लू मलूल झालं. घरच्यांना वाटलं नवी जागा आहे, रुळेल. बुधवारी सकाळी पिवळी, फेसाळ उलटी. दुपारी जुलाब, आणि गुरुवारी त्यात रक्त. ज्यांनी तो वास एकदा घेतला आहे त्यांना चाचणीची गरज पडत नाही, तरी डॉक्टरांनी विष्ठेची किट चाचणी केली. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर घाला घालणारा विषाणूचा आजार.

पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. घरात येऊन दोनच दिवस झाले असताना पिल्लू मलूल झालं, तेव्हा लागण त्या खोक्यातली किंवा त्याही आधीची होती. बाकीची दोन पिल्लं कुणाच्या घरी गेली, कोण जाणे.

लहान पिल्लाला पहिल्या दिवसातल्या आईच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते. ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. मधे एक असा काळ येतो की आईकडून मिळालेलं बळ रोग अडवायला पुरत नाही, पण लसीला मात्र अडवतं. म्हणून लस एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती द्यावी लागते. ऐन या नाजूक काळात पिल्लाला आईपासून तोडायचं, दहा ठिकाणच्या पिल्लांसोबत एका खोक्यात घालायचं, उन्हात स्कूटरवरून फिरवायचं. पार्वोला याहून काय हवं?

चार दिवस सलाईन चाललं. उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब. उपचार म्हणजे शरीराला तगवून धरणं, बाकी झुंज पिल्लाने द्यायची. नात रोज दवाखान्याच्या बाकावर बसून असायची. सूनबाई सांगत होत्या की शेवटच्या दिवशी सुई लावलेला पुढचा पाय एवढा सुजला होता की पट्टी सैल करावी लागली, आणि पट्टी सोडताना पिल्लाने त्यांचं बोट चाटलं. 11 जूनच्या पहाटे ते गेलं. आजोबांनी राऊकडच्या ओळखीच्या शेतात नेऊन पुरलं. उपचाराचं बिल 9,400 झालं.

विकणाऱ्याचा फोन बंद. जाहिरात गायब. पैसे ज्या नावाने गेले ते नाव वेगळंच निघालं. घरच्यांनी तक्रार केली नाही. "मूल रडतंय, त्यात पोलिसांचं कुठे" असं आजोबा म्हणाले. मला ते पटलं नाही आणि मी त्यांना तसं सांगितलं. पैसे दिल्याची नोंद होती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, बनावट कार्ड होतं, डॉक्टरांचा अहवाल होता. पोलिसांत अर्ज द्यायला आणि ग्राहक आयोगात जायला एवढं पुरेसं असतं. दंड थोडा असला तरी एखाद्या नंबरावर चार तक्रारी जमल्या की त्या माणसाला जाहिरात टाकताना विचार करावा लागतो.

आमच्याकडे अर्ज

जुलैच्या अखेरीस माझ्या हातात त्यांचा अर्ज पडला. "लसीकरण झालेलं लहान पिल्लू हवे." मी घर पाहायला गेले आणि पिल्लू द्यायला नकार दिला. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं, आजोबांना राग आला. "बाजारात पैसे टाकले की मिळतं आणि तुम्ही फुकटचं देताना चौकशा करता?"

कारण मागच्या अंगणात होतं. पिल्लाने उलट्या-जुलाब तिथे लिंबाखाली केले होते. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो. आजींनी फिनाइलने सगळं घर तीनदा पुसलं होतं, पण फिनाइलचा पार्वोवर भरवसा धरता येत नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन मग पाण्यात मिसळलेलं ब्लीच दहा मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. फरशीला ते करता येतं, मातीला करता येत नाही. ज्या घरात पार्वो होऊन गेला तिथे लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नेणं म्हणजे दुसरं मरण घरी आणणं. ते शेल्टरमधलं असो की विकतचं.

लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं मात्र त्या घरात सुखाने राहू शकत होतं. मी तसं सुचवलं. सगळे गप्प झाले. मोठं कुत्रं म्हणजे कुणीतरी टाकलेलं, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, हा विचार मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आला. तो मी शंभर घरांत वाचला आहे.

पुढच्या रविवारी सगळे शेल्टरला आले. मी मनाशी एक देशी कुत्रा ठरवला होता. दोन वर्षांचा, काळा, तल्लख, कुठल्याही आजारपणाला सहसा दाद न देणारा. आमच्याकडे बहुतेक कुत्री देशीच असतात आणि माळव्याच्या मे महिन्यात ती ज्या आरामात वावरतात ते पाहिलं की केसाळ हस्कीला इथे विकत आणणाऱ्याची मला चीड येते. पण तो काळ्या भेटल्या भेटल्या आजोबांच्या छातीवर चढला आणि त्यांची काठी पडली. तो बेत तिथेच संपला.

आजी आत यायलाच तयार नव्हत्या, म्हणून दारापाशी बाकावर बसल्या होत्या. समोरच्या कोपऱ्यात एक फिकट पिवळी लॅब्रॅडॉर मादी भिंतीकडे तोंड करून उभी होती. आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत होत्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "ताई, हिचे सड असे लोंबलेत. किती वेळा व्यायली असेल ही?"

24 मेच्या पहाटे कुणीतरी तिला नायलॉनच्या दोरीने आमच्या फाटकाला बांधून गेलं होतं. वजन 19 किलो. वय दातांवरून सहा-सात, पण सुळे मागच्या बाजूने झिजलेले. जाळी चावत राहणाऱ्या कुत्र्याचे दात असे झिजतात. नखं वाढून आत वळलेली, कोपरांवर आणि मागच्या सांध्यांवर केस जाऊन चामडं जाड झालेलं. पोटावर सिझेरियनचा जुना व्रण आणि त्याच्या शेजारी एक नवा. आणि सडांतून दूध गळत होतं. चिप तपासायचं यंत्र आम्ही मानेपासून खांद्यापर्यंत दोनदा फिरवलं. चिप नव्हती. असती तर ती कुठून आली हे विचारायला एक दार तरी मिळालं असतं.

दूध आटल्यावर, जुलैमध्ये, तिची नसबंदी केली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे गर्भाशयाचं अस्तर इतकं जाड झालं होतं की पुढच्या एखाद्या माजानंतर त्यात पू झाला असता.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. चार जूनला पाच आठवड्यांचं, म्हणजे एप्रिल संपता संपता झालेलं. मेच्या चोविसाला ही इथे आली, तेव्हा दूध होतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आमच्या बाळाची आई हीच असेल का हो?"

नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं आणि हो म्हणायलाही नव्हतं. अशा माद्या एका शहराभोवती किती असतील! मी तेच सांगितलं. त्या उठल्या आणि आतल्या दाराकडे गेल्या.

रेवाचे पहिले दिवस

12 ऑगस्टला ती रामबागेत गेली. नातीने नाव ठेवलं रेवा. दोन आठवडे घरी ठेवून पाहा, नाही जमलं तर परत आणा, हा आमचा नेहमीचा करार. इथे एक चूक माझ्याकडून झाली. नकार देताना त्यांचं मन वळवायच्या भरात मी म्हणून गेले होते की मोठ्या कुत्र्याची शी-शूची कटकट नसते. घरात वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला ते लागू आहे. पिंजऱ्यात वाढलेल्याला नाही. कुत्र्याला झोपायची जागा घाण करायची नसते, हे उपजत असतं. पण वर्षानुवर्षं तिथेच झोपायला आणि तिथेच उरकायला लावलं की ती जाण मरून जाते. हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी फोन आला. 21 ऑगस्ट, नागपंचमी, त्यात श्रावणी सोमवार. रेवाने देवघराच्या उंबऱ्यावर केलं होतं. फोनवर आजोबा होते. "ताई, घेऊन जा हिला."

मी गेले. आधी माझ्याकडून अर्धवट सांगितलं गेलं हे कबूल केलं. मग आठवडाभराची वेळ मागितली. दर तीन तासांनी तिला अंगणात न्यायचं, झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर लगेच. तिचं शू पुसलेलं गोणपाट लिंबाखाली टाकून ठेवायचं, वासाने जागा कळते. तिने तिथे केलं की त्याच क्षणी तोंडात काहीतरी द्यायचं, घरात केलं तर ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसायचं. देवघराला फळी लावायची. फळी आजोबांनीच ठोकली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरातलं बंद झालं.

जिना मात्र तिला कळेना. पायरी म्हणजे काय हेच तिने कधी पाहिलं नव्हतं. खाली उभी राहून थरथरायची. मधल्या भेटीत मी दारातून पाहिलं ते असं: आजी चौथ्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर सकाळच्या पोळीचे तुकडे. पहिल्या पायरीवर एक, दुसरीवर एक. रेवाने मान लांब करून पहिला खाल्ला. दुसऱ्यासाठी पुढचे दोन पाय वर ठेवले आणि तशीच अडकून राहिली, मागचे पाय जमिनीवर. आजी काही बोलल्या नाहीत, हात लावला नाही, दुसरीकडे बघत बसल्या. किती वेळ गेला मी मोजला नाही. मग मागचा एक पाय उचलला गेला. आजींचं सोवळं कधी सुटलं, कुणी विचारलं नाही.

अनंत चतुर्दशीला, 28 सप्टेंबरला, गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघाल्या. इंदूर रात्रभर जागं असतं. ढोल-ताशाने रेवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटली. नात झांक्या बघायला गेली नाही. दाराबाहेर पाट टाकून पहाटेपर्यंत मोबाइलवर काहीबाही वाचत बसली. दिवाळीत त्यांनी आधीच तयारी ठेवली: मधली खोली, जाड पडदे, पंखा मोठा, आणि डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेली गोळी.

खर्चाबद्दल लोक हमखास विचारतात. पिल्लाच्या आठ दिवसांचे 21,400 गेले. रेवाला आणताना काही द्यावं लागलं नाही. नसबंदी आणि लसी शेल्टरने केल्या होत्या. पण पुढचा खर्च कुठल्याही कुत्र्याला तेवढाच असतो. या घरात खाणं, औषधं, डॉक्टर मिळून महिन्याला तीन-साडेतीन हजार जातात. दत्तक म्हणजे फुकट, असं मी कुणालाच सांगत नाही.

शेल्टरची बाजू घेताना मला एक लपवायचं नाही. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा संसर्ग) शेल्टरमध्येही येतात. आमच्याकडे एखाद्या पावसाळ्यात पिल्लांची अख्खी खोली रिकामी झालेली मी पाहिली आहे. म्हणून आमच्याकडून किंवा कुठूनही घेताना विचारा: किती दिवस वेगळं ठेवलं होतं, लसी कोणत्या तारखांना झाल्या, स्टिकर दाखवा. जो खरोखर जीव लावून एखादी जात सांभाळतो असा ब्रीडरही असतो. तो तुम्हाला घरी बोलावतो, आई समोर आणतो, आठ आठवड्यांआधी पिल्लू देत नाही आणि तुम्हालाच शंभर प्रश्न विचारतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण चौराह्यावर खोकं घेऊन येणाऱ्याला दिलेला प्रत्येक रुपया एका मादीला पुन्हा गाभण करतो, आणि ती वापरून संपली की आमच्या फाटकाला बांधली जाते. नशीब असेल तर फाटकाला.

सहा महिन्यांची शेवटची भेट 11 फेब्रुवारी 2024 ला झाली. वजन 26 किलो. नखं नीट, कोपरांवर केस आलेले. अजून तिला खोलीचं दार बंद केलेलं चालत नाही. फटीत नाक घालून बसते, म्हणून त्या घरात आता दारं अर्धी उघडीच असतात. नातीने तिच्यासाठी शिवलेल्या गादीवर ती झोपत नाही, गादीला पाठ लावून फरशीवर झोपते. मी निघताना आजोबा तिला फिरवायला घेऊन चालले होते. काठी एका हातात, पट्टा दुसऱ्या. दोघंही अगदी सावकाश, एकमेकांसाठी थांबत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे पोह्यांच्या गाडीपाशी रेवा पहिल्यांदा भुंकली. आजोबांनी वळून मला हाक मारली, "ऐकलंत का?"